डोणीतला पिवळा मणी

खाडीच्या तोंडाशी एक गाव होते. गावाला शेती नव्हती, मिठागर होते. त्या मिठागरावर कैतान नावाचा एक मुकादम होता.

कैतानला अक्षर वाचता येत नव्हते. पाणी वाचता येत होते. भरतीचे पाणी पहिल्या वाफ्यात घ्यायचे. उन्हाने ते आटले की दुसऱ्यात सोडायचे, मग तिसऱ्यात. शेवटच्या वाफ्यात मीठ धरते. कोणते पाणी कोणत्या दिवशी पुढे सोडायचे, हे कैतानच्या दोन बोटांवर चाले. तो वाकायचा. बोटे बुडवायचा, एकमेकांवर घासायचा आणि जिभेला लावायचा. मग एकच शब्द बोलायचा. “कच्चं” नाहीतर “पक्कं”. तीस वर्षांत तो शब्द चुकला नव्हता.

म्हणून गाव त्याच्याकडे इतर गोष्टीही आणू लागले. मध खरा की गुळाचे पाणी, अंगठी सोन्याची की पितळेची, सोयरिकीला आलेला माणूस सरळ की वाकडा. कैतान बघायचा आणि सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. हळूहळू त्याला वाटू लागले, की गोष्ट खरी असते म्हणून आपण खरी म्हणत नाही. आपण म्हणतो म्हणून ती खरी असते.

माणूस इथेच घसरतो.

त्याच गावात कोंसूआजी राहत होती. तिचा नवरा गेला होता, मुलगा आणि सून गेली होती. मोनी नावाची एक नात होती. घरात भांडी मोजकी होती. पण दोन वस्तू अशा होत्या, की त्या पाहायला पाच गावांची माणसे येत.

पहिली वस्तू काचेचा गोळा. लिंबाएवढा. आतून चांदीचा मुलामा, बाहेरून कधीकाळी लाल. लाल रंग बराच उडाला होता. पण काच कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती आणि शंभरावर वर्षे टिकली होती. त्याचे तोंड लाखेने बंद केले होते. खाली मेणबत्ती धरली, की त्या गोळ्यात अख्खे चर्च दिसायचे. खांब, वेदी, घंटेचा दोर, बाकांवरची माणसे. सगळे मोहरीएवढे, आणि तरी प्रत्येकजण ओळखू यायचा.

“हा कुणीतरी तोंडाने फुंकून केला,” आजी सांगायची. “फुंकणारा मातीत गेला. त्याचा श्वास अजून आत आहे. म्हणून हळू धरायचा.”

दुसरी वस्तू पिवळी माळ. बेचाळीस मणी, आणि खाली वेगळ्या दोऱ्याने बांधलेला एक मोठा लोलक. मण्यांचा रंग मधाचा होता. काही नव्या मधाचे, काही जुन्या. हाताला ते दगडासारखे गार लागत नसत, कोमट लागत. लोलकात एक मुंगी होती. पुढचा पाय उचललेला. ती कुठेतरी निघाली होती आणि वाटेतच थांबली होती. मूठभर सोने दाखवले तर लोक दोनदा बघतात. ही मुंगी बघताना लोक बोलायचे थांबत.

शहरातले जवाहिरे त्या मण्याला अंबर म्हणतात. जुने लोक तृणमणी म्हणत, कारण लोकरीवर घासला की तो गवताची काडी आपल्याकडे ओढून घेतो. गावात मात्र तिला नुसते ‘कोंसूची माळ’ म्हणत.

या दोन्ही वस्तू घरात कशा आल्या, ते आजीला पाठ होते. तिच्या सासऱ्याचा आजा मिठागरावर राबणारा माणूस. एकदा वादळात खाडीच्या तोंडाशी परदेशी गलबत फुटले. एक खलाशी चिखलात अर्धमेला सापडला. आज्याने त्याला पाठीवर घरी आणले, महिनाभर पेज पाजली. खलाशाजवळ लाकडी भुशाने भरलेली एक छोटी पेटी होती. गलबताच्या सागाच्या फळ्या फुटल्या, पण त्या भुशातली पापुद्र्याएवढी काच फुटली नव्हती. जाताना त्याने पेटी आज्याच्या हातात दिली. मोडक्या शब्दांनी आणि खुणांनी सांगितले, की गोळा नाताळच्या झाडाचा आहे. माळ दगडाची नाही. बर्फाच्या देशातल्या झाडांचा डिंक आहे, आणि तो मातीत पडला तेव्हा वर्षे मोजायला कुणी माणूस नव्हता.

घरात आणखी एक गोष्ट सांगत आले होते. आगराच्या, म्हणजे मिठागराच्या, पाण्यावर ही माळ फुलासारखी तरंगते. आजीने ती कधी तरंगवून पाहिली नव्हती. तिला गरज वाटली नव्हती.

गावाची रीत अशी होती. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी चर्चमध्ये सुरूचे झाड उभे करायचे. प्रत्येक घराने त्यावर एक वस्तू टांगायची. कुणी कागदाची चांदणी, कुणी शिंपला, कुणी मुलीची लहानपणची बांगडी. शेंड्यावर कोंसूआजीचा गोळा. आणि झाडाखाली येशूजन्माचा गोठा मांडायचा; त्यात त्याच्या आईची, मारियेची मूर्ती असायची, तिच्या गळ्यात पिवळी माळ. नाताळानंतर बाराव्या दिवशी येणाऱ्या तीन राजांच्या सणापर्यंत माळ तिथे राहायची. चार पिढ्या असेच चालले होते.

त्या वर्षी कैतानने बायकोला सोन्याची साखळी केली. ती साखळी मारियेच्या गळ्यात दिसावी, असे त्याच्या मनात आले. मनात आले तेवढ्यावर तो थांबला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

लोक झाड उभे करायला जमले होते. कैतान सगळ्यांसमोर म्हणाला, “आईच्या गळ्यात सोनं शोभतं. काच नाही.”

कोंसूआजी म्हणाली, “काच नाही रे बाबा. डिंक आहे.”

बस्त्याव नावाचा एक कामगार होता. त्याला गप्प बसणे जमत नसे. तो म्हणाला, “डिंक असेल तर आजी, वाटीभर द्या. थंडी पडलीय, लाडू वळू.”

सगळे हसले. मोनीची मान खाली गेली. आजीला राग आला, आणि रागात ती बोलून गेली, “आगराच्या पाण्यावर तरंगते ती! आमच्या घरात चार पिढ्या सांगत आलेत.”

“तरंगते?” कैतान म्हणाला. “मग चला आगरावर. काच असेल तर बुडेल. आख्ख्या गावासमोर बघू.”

“तू बघ म्हणतोस म्हणून मी का दाखवू?”

“भीती वाटते का, आजी?”

एवढे ऐकल्यावर आजी उठली. माळ हातात घेतली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

मिठागराच्या बांधावर एक जुनी दगडी डोण होती. हातभर खोल. तळाला चार बोटे गाळ. कामगारांनी जवळच्या वाफ्यातले पाणी घागरींनी आणून ती काठोकाठ भरली. जवळचा वाफा म्हणजे पहिला वाफा. दुसरे पाणी नव्हतेच. पावसाने मोडलेले बांध नुकतेच बांधून झाले होते आणि भरतीचे पाणी आत घेऊन आठवडाही झाला नव्हता. नाताळात मीठ पिकत नाही. हे मिठागरावरच्या लहान पोरालाही ठाऊक असते.

एका कामगाराने घागर ओतली तेव्हा पाणी कैतानच्या बोटांवर उडाले. रोज वाकून बोटे बुडवणारा कैतान त्या दिवशी वाकला नाही. बोटांवर उडालेले पाणीही त्याने जिभेला लावले नाही. त्याने हात सदऱ्याला पुसला.

“सोडा,” तो म्हणाला.

आजीने दोन्ही हातांनी माळ पाण्यावर ठेवली.

माळ सरळ खाली गेली. गाळात जाऊन बसली.

पाण्यातून ती अजूनही पिवळी दिसत होती. आजी डोणीच्या काठाला धरून बघत राहिली. जणू थोडे थांबले तर ती वर येईल.

“काच,” कैतान म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेला तो एकच शब्द होता. गावाला तेवढा पुरला.

मोनीने कोपरापर्यंत हात घालून माळ ओढून काढली. गाळ ढवळून पाणी काळे झाले. घरी येऊन धुतली तेव्हा कळले, की लोलक नाही. जुना दोरा तुटला होता. मोनी परत गेली. वाट शोधली, बांध शोधला, डोणीच्या गाळातही चाचपले. तिच्या हाताला काही लागले नाही.

त्या नाताळात मारियेच्या गळ्यात सोन्याची साखळी होती. झाडाच्या शेंड्यावर काही नव्हते. आजीने गोळा आणला नाही. “माळ खोटी तर गोळाही खोटाच म्हणायचा,” एवढेच ती म्हणाली. ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. लोकांनी साखळीकडे पाहिले, छान आहे म्हणाले, आणि घरी गेले. कुणी बोलायचे थांबले नाही.

मोनीचे लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ठरले होते, खाडीपलीकडच्या गावात. कोंसूआजीच्या घरातली प्रत्येक मुलगी ती माळ घालून वेदीसमोर उभी राहिली होती. आगरावरची बातमी होडीतून पलीकडे गेली. तिकडून होणाऱ्या सासूचा निरोप आला. “मुलगी पाठवा. माळ पाठवू नका. खोटं लेणं आमच्या उंबऱ्यातून आत येणार नाही.”

मोनी म्हणाली, “आजी, मी साधीच जाईन. त्यात काय?”

आजीने माळ डब्यात ठेवली. “मी मरेन तेव्हा माझ्या शवपेटीत टाक. माझ्या माणसांनी चार पिढ्या खोटं सांगितलं, असं आता गाव म्हणतंय. मग खोटी माणसं आणि खोटी माळ एकत्रच जाऊ दे.”

त्यानंतर तिने कुणाला खलाशाची गोष्ट सांगितली नाही.

थंडी सरली. उन्हे तापली. वाफ्यावाफ्यांतून पाणी पुढे सरकले. शेवटच्या वाफ्यांत मीठ धरू लागले, आणि मिठागर दुरून पांढरे दिसू लागले. ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता. बांधावरच्या डोणीकडे कुणाचे लक्ष नव्हते. ती भरलेली तशीच राहिली होती. उन्हाने तिचे पाणी उतरत उतरत वीतभरही राहिले नव्हते.

एके दिवशी दुपारी कैतान एकटाच बांधावर होता. बाकीचे जेवायला गेले होते. त्याच्या लाकडी दांड्याला चिखल वाळून बसला होता. तो सोडवायला त्याने दांडा डोणीत घातला आणि दोनदा फिरवला.

गाळ वर उठला. आणि गाळातून काहीतरी वर आले.

ते झटकन आले नाही. सावकाश आले. फळ पिकावे तसे. पाण्याच्या वर येऊन थांबले आणि हलू लागले. सूर्य डोक्यावर होता. ऊन त्या वस्तूतून आरपार गेले, आणि डोणीच्या काळ्या दगडावर मधाच्या रंगाचा एक ठिपका थरथरू लागला.

लोलक होता. आत मुंगी होती. तिचा पाय अजून उचललेला होता.

कैतानने तो बोटाने खाली दाबला. बोट काढले. लोलक वर आला. त्याने पुन्हा दाबला, तळापर्यंत नेला. पुन्हा वर आला. तिसऱ्यांदा त्याने तो मुठीत धरून गाळात रुतवला आणि हात काढून घेतला. गाळ हलला. लोलक वर आला.

कैतानने दांडा खाली टाकला. तो बांधावर बसला. मग त्याने नाताळात करायला हवे होते ते केले. दोन बोटे बुडवली, घासली, जिभेला लावली.

“पक्कं,” तो म्हणाला. ऐकायला कुणी नव्हते.

त्याला घागर आठवली. बोटांवर उडालेले पाणी आठवले. त्या दिवशी हाताला कळले होते की पाणी कच्चे आहे. तीस वर्षांच्या हाताला ते न कळणे शक्य नव्हते. म्हणूनच त्याने हात पुसला होता. त्याला माळ तपासायची नव्हती, बुडवायची होती.

त्याने चारी बाजूंना पाहिले. बांध मोकळा होता. खाडी दहा पावलांवर होती. कच्च्या पाण्यात हा लोलक पुन्हा कधी वर येणार नव्हता. एक फेक, आणि कैतानचा शब्द जन्मभर अढळ राहिला असता.

त्याने हात उचलला. मुठीत लोलक कोमट लागत होता, जिवंत वस्तूसारखा. तो फेकू शकला नाही. परत द्यायचीही छाती नव्हती. त्याने लोलक सदऱ्याच्या खिशात टाकला.

त्या दिवसापासून एक वेगळेच झाले. दुसऱ्या दिवशी तो शेवटच्या वाफ्यावर वाकला, बोटे जिभेला लावली, आणि त्याला शब्दच फुटेना.

कामगार थांबले होते. बस्त्याव म्हणाला, “मुकादम, पाणी सोडू का?”

“थांब.”

त्याने पुन्हा चव घेतली. पाणी तेच होते. जीभही तीच होती. विश्वास गेला होता.

“मुकादम, उन्हं चाललीत,” बस्त्याव म्हणाला. “मीठ तुमच्यासाठी थांबायचं नाही.”

“तुला वाटतं ते कर,” कैतान म्हणाला आणि निघून गेला. तीस वर्षांत असे झाले नव्हते. कामगार एकमेकांकडे बघत राहिले.

घरी बायकोने, इजबेलने, सदरा धुवायला घेतला आणि खिशातून लोलक काढला. त्याला कापसाचे तंतू आणि गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. तिने लोकरीच्या टोपीला घासून तो पुसला. काड्या आणखी चिकटल्या.

“हे काय? पुसावं तितकं ओढून घेतंय,” ती म्हणाली. मग तिने तो उजेडात धरला. मुंगी तिने ओळखली होती.

“वर आला,” कैतान म्हणाला. “तीनदा बुडवला. तीनदा वर आला.”

इजबेलने गळ्यातली साखळी चाचपली. “देऊन या,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कैतान कोंसूआजीच्या घरी गेला. आजी दारात मासळी साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

“आजी, लोलक सापडला.”

“कुठे?”

“डोणीत.”

“तो बुडाला होता. बुडालेलं तुला कसं दिसलं?”

कैतानने खिशातून लोलक काढला. मग हळूच म्हणाला, “तरंगत होता. पाणी आता पक्कं झालंय. त्या दिवशी कच्चं होतं. माझं चुकलं.” त्याने लोलक पुढे केला.

आजीने हात पुढे केला नाही. लोलकाकडे मात्र तिने पाहिले, आणि बराच वेळ पाहिले. तिचा चेहरा तेवढ्यापुरता लहान मुलीसारखा झाला. मग पुन्हा म्हातारा झाला.

“आत्ता माझ्या दारात, कानात सांगतोस?” ती म्हणाली. “बुडवलंस तेव्हा गाव जमवलं होतंस.”

“आजी, गावासमोर सांगितलं तर माझा शब्द गेला. माझ्याकडे दुसरं काय आहे? मला अक्षर येत नाही. शेत नाही. एक शब्दच आहे.”

“माझ्याकडे काय होतं?” आजी म्हणाली. “तेव्हा विचारलंस?”

कैतानने लोलक पुन्हा पुढे केला.

“लोलक तुझ्याकडेच ठेव. जिथे गेला, तिथे घेईन. चारचौघांत घेईन. नाहीतर घेणार नाही.” आणि ती पुन्हा मासळी साफ करू लागली.

ईस्टर आला. प्रार्थना संपली, लोक चर्चच्या अंगणात एकमेकांना भेटत होते. सणासाठी मोनीच्या होणाऱ्या सासरची माणसेही होडीतून आली होती. कैतान पायरीवर उभा राहिला.

“सगळ्यांनी आगरावर चला,” तो म्हणाला. “डोणीपाशी. आजी, माळ घेऊन या.”

बस्त्याव म्हणाला, “आता आणखी काय बुडवायचं राहिलंय, मुकादम?”

“मला,” कैतान म्हणाला.

बस्त्याव सगळ्यांच्या आधी आगराच्या वाटेला लागला.

डोणीपाशी कैतानने काचेची एक बरणी ठेवली. तिच्यात खाडीचे ताजे पाणी होते. त्याने लोलक सगळ्यांना दाखवला आणि बरणीत सोडला. तो तळाला गेला. लोकांनी माना हलवल्या. हे त्यांना ठाऊकच होते.

कैतानने तो बाहेर काढला आणि डोणीतल्या पाण्यावर ठेवला.

लोलक तरंगला.

“मणी तोच आहे,” कैतान म्हणाला. त्याचा आवाज बांधाच्या टोकापर्यंत गेला. “पाणी वेगळं आहे. हे उन्हाने आटून जड झालंय. नाताळात डोणीत पहिल्या वाफ्याचं पाणी होतं. तुम्हाला कळलं नसेल, मला कळायला हवं होतं. माझ्या बोटांना कळलं होतं. मी बोटं पुसली. मला मारियेच्या गळ्यात माझी साखळी बघायची होती. कोंसूआजीच्या घरात कुणी खोटं बोललं नाही. खोटा मी.”

मग तो बाजूला झाला.

आजी पुढे आली. तिने डबा उघडला, माळ काढली आणि डोणीवर वाकली. एकदा बुडालेली माळ पुन्हा पाण्यात सोडायला किती धीर लागतो, हे ज्याचे बुडाले त्यालाच कळते. तिने डोळे मिटले आणि माळ सोडली.

दोऱ्याच्या वजनाने माळ थोडी खाली गेली. मग एक मणी वर आला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा. एकाने दुसऱ्याला हाक मारून उठवावे, तसे बेचाळीस मणी ओळीने वर आले आणि पाण्यावर गोल पसरले. मधोमध लोलक होता. ऊन सगळ्यांतून खाली उतरले. काळी डोण आतून पिवळी झाली. आजीच्या चेहऱ्यावर, मोनीच्या हातांवर, कडेला वाकलेल्या प्रत्येकाच्या गालावर तो उजेड हलत होता. ज्या उन्हाने कधीतरी त्या बर्फाच्या देशातल्या झाडाला डिंक आणला, तेच ऊन परत निघाल्यासारखे वाटत होते.

बस्त्यावने टोपी काढली. कुणी काढ म्हटले नव्हते.

“आजी, डोळे उघड,” मोनी म्हणाली.

आजीने डोळे उघडले. एका मण्याला तिने बोट लावून पाहिले. मग म्हणाली, “खरंच तरंगते.”

म्हणजे तिलाही माहीत नव्हते. तिने नुसता विश्वास ठेवला होता.

मोनीची होणारी सासू पुढे आली. तिने माळ पाण्यातून काढली, आपल्या पदराने मणी न् मणी पुसला आणि मोनीच्या गळ्यात घातली. “मी ऐकून निरोप धाडला,” ती म्हणाली. “बघून धाडायला हवा होता.”

“आता बघितलंस ना? झालं,” आजी म्हणाली.

बस्त्यावला जास्त वेळ गप्प राहणे शक्य नव्हते. तो म्हणाला, “मुकादम, एक सांगा. त्या दिवशी आजीने माळेऐवजी काचेचा गोळा डोणीत टाकला असता तर?”

“तरंगला असता,” कैतान म्हणाला. “कच्च्या पाण्यातही तरंगला असता. पोकळ आहे.”

“म्हणजे तुमच्या परीक्षेत काच पास आणि माळ नापास!”

लोक हसले. कैतानही हसला. त्याला ते जड गेले, पण हसला.

“पोकळ म्हणू नका रे,” कोंसूआजी म्हणाली. “त्यात एका माणसाचा श्वास आहे.”

दुसऱ्या दिवशी कैतान आगरावर गेला. कामगार आता आपल्याला विचारणार नाहीत, असे त्याला वाटत होते. तो वाफ्याजवळ जाऊन मुकाट्याने उभा राहिला. बस्त्याव बांध फोडायला फावडे घेऊन तयार होता.

“मुकादम, काय म्हणता?”

“मला विचारतोस?”

“मग कुणाला विचारू? स्वतःचं चुकलेलं सांगणारा या आगरावर दुसरा कोण आहे?”

कैतान वाकला. बोटे बुडवली, घासली, जिभेला लावली. थोडा थांबला. पुन्हा एकदा बुडवली. मगच म्हणाला, “पक्कं.” पुढे जन्मभर तो दोनदा पाहत असे.

पुढचा नाताळ आला. मोनी सासरहून माळ घेऊन आली आणि तिने ती मारियेच्या गळ्यात घातली. सोन्याची साखळी इजबेलच्या गळ्यात होती. तिथे ती शोभत होती. सुरूच्या झाडाला शिडी लावली होती. कोंसूआजी भुशाची पेटी घेऊन आली आणि तिने कैतानला जवळ बोलावले.

“माझ्याने आता शिडी चढवत नाही. तू लाव.”

“आजी, माझे हात बघितलेत का? मिठाने फुटलेत. दगड धरायची सवय आहे त्यांना.”

“म्हणून तर देतेय. भीती असलेल्या हातातून वस्तू पडत नाही.”

कैतान शिडी चढला. शेंड्यापाशी त्याने गोळा उजेडात धरला. त्यात अख्खे चर्च होते. खांब होते, वेदी होती, घंटेचा दोर होता, वर बघणारे सगळे गाव होते. आणि मधोमध, मोहरीएवढा, एक माणूस शिडीवर उभा होता. इतका लहान कैतान त्याने आजवर पाहिला नव्हता.

त्याच्या हातात दुसऱ्याचा श्वास होता. गोळा शेंड्याला बसेपर्यंत कैतानने आपला रोखून धरला.

तात्पर्य: दुसऱ्याला खोटे ठरवण्याआधी आपले माप कच्चे तर नाही ना, ते पाहावे, आणि चारचौघांत चुकलेला शब्द चारचौघांतच मागे घ्यावा.